नाकाची शस्त्रक्रिया : श्वास, रूप आणि नीयत

नाकाचा पडदा वाकडा आहे, एका नाकपुडीतून श्वास जवळजवळ येतच नाही, रात्री तोंड उघडे टाकून झोपावे लागते आणि सकाळी घसा कोरडा पडलेला असतो. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवितात. अशा रुग्णाच्या मनात धर्माच्या दृष्टीने काही शंका उरण्याचे कारण नाही. हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या हदीसनुसार, आम्ही उपचार करावेत काय, असे काही अरबांनी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी होकार दिला आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक व्याधीवर अल्लाहने उपाय ठेवला असल्याचे सांगितले. याच्या अगदी उलट टोकाला दुसरी व्यक्ती असते. तिचे नाक निकोप आहे, कोणी नावे ठेवावीत असे त्यात काही नाही. परंतु अमुक एका नटीसारखे ते दिसावे, अशी तिची इच्छा आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तरही आपल्या घराघरांत ठाऊक असते, मग ते पाळले जावो अथवा न जावो.

अवघड प्रश्न या दोहोंच्या मधला आहे. तपासणी संपल्यावर डॉक्टर म्हणतात, ‘‘पडदा सरळ करणारच आहोत, तर वरचा उंचवटाही त्याच वेळी काढून टाकू. भूल एकदाच द्यावी लागेल.’’ आणि मुलगी आईकडे पाहते. श्वासासाठी आलेल्या त्या दोघींच्या मनात रूपाची गोष्ट आधीपासूनच होती की त्या क्षणी आली, हे त्यांचे त्यांनाही नीट सांगता येणार नाही. शरीअतच्या दृष्टीने या शस्त्रक्रियेला उपचार म्हणावे की अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ?

आधी नाकाची रचना समजून घेतली पाहिजे, कारण ती न समजता दिलेले उत्तर चुकण्याची शक्यता असते. नाकाचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग हाडाचा आणि खालचा सारा कूर्चेचा असतो. मधला पडदा दोन नाकपुड्या वेगळ्या करतो आणि बाहेरच्या नाकाला आधारही देतो. तंबूच्या खांबासारखे त्याचे काम आहे. खांब कलला की तंबू कलतो. म्हणून पडदा फार वाकडा असेल तर नाक बाहेरूनही तिरपे दिसते, आणि असे नाक मोकळा श्वास घेण्याजोगे करायचे तर पुष्कळदा त्याचा बाहेरचा आकार सरळ केल्यावाचून गत्यंतर नसते. आपल्याकडे सरसकट ‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे म्हणतात; बहुतेक वेळा काही वाढलेले नसते, पडदा एका बाजूला झुकलेला असतो. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नाकाचा उंचवटा निष्काळजीपणे छाटला तर मधल्या भागाच्या दोन्ही भिंती आत दबतात आणि हवेची वाट अरुंद होते. ते टाळण्यासाठी कुशल शल्यविशारद पडद्यातीलच कूर्चेच्या बारीक पट्ट्या काढून तेथे आधाराला बसवितात. म्हणजे रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया चांगला चाललेला श्वास बिघडवू शकते, आणि श्वासासाठी केलेली शस्त्रक्रिया रूप सुधारू शकते. एवढ्याशा अवयवात ही दोन प्रयोजने अशी गुंतलेली आहेत, की ‘आतले हलाल, बाहेरचे हराम’ अशी सोपी रेघ ओढून चालत नाही.

हदीसच्या संग्रहांत थेट नाकाविषयीची एक घटना नोंदलेली आहे. हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व अज्ञानकाळात कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवून घेतले. पुढे त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. अबू दाऊद, तिरमिजी आणि नसाई या तिन्ही संग्रहांत ही घटना आली आहे. सोने पुरुषांसाठी निषिद्ध आहे, हे आपण सर्व जाणतो. येथे मात्र गरजेपोटी सवलत मिळाली. फुकहांनी या हदीसवरून सोन्याचा दात, सोन्याच्या तारेने बांधलेला दात यांविषयीचे मसले काढले. परंतु त्यातील एका गोष्टीकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. धातूच्या नाकाने श्वास सुधारत नाही. नाक कापले गेले तरी माणूस श्वास घेऊ शकतो. हजरत अरफजा (रजि.) यांना ते नाक लागत होते ते चेहऱ्यासाठी, चारचौघांत मान वर करून बसता यावे यासाठी. प्रेषितांनी (स.) ही गरज क्षुल्लक मानली नाही. ‘तुझा श्वास तर चालतो आहे, मग नाक कशाला हवे?’ असे त्यांनी विचारले नाही. चेहऱ्याची विद्रूपता ही माणसाची खरी पीडा असू शकते आणि ती दूर करणे गरजेत मोडते, एवढे या घटनेतून निश्चित सिद्ध होते.

कापलेले नाक म्हणजे कापलेली प्रतिष्ठा, ही समजूत आपल्या भाषेतही आहेच. १७९२ सालच्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपू सुलतानच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. (टिपू सुलतानच्या शौर्याविषयी आपल्याला कितीही आदर असो, शत्रूचे अवयव छाटणे प्रेषितांनी मना केले आहे, हे येथे म्हटलेच पाहिजे.) सुमारे एक वर्ष तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जमातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक घडविले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. तेथील जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली हीच पद्धत यशस्वी करून दाखविली. आज जगभर होणाऱ्या नाकाच्या शस्त्रक्रियेची एक मुळी अशी आपल्या मातीतली आहे, आणि ती सौंदर्याच्या हौसेतून नव्हे, अपमानाची जखम भरून काढण्याच्या गरजेतून फुटलेली आहे.

हे जितके खरे, तितकेच हेही खरे की निषेधाची वचने स्पष्ट आहेत. अल्लाहची निर्मिती बदलण्यास मी माणसांना सांगेन, ही प्रतिज्ञा दिव्य कुरआनने सूरह निसाच्या ११९व्या आयतीत सैतानाच्या तोंडी नोंदविली आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या हदीसमध्ये गोंदणाऱ्या व गोंदवून घेणाऱ्या, भुवया कोरून घेणाऱ्या आणि दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे, आणि तेथेच ‘सौंदर्यासाठी’ हा शब्दही आला आहे. इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात याच शब्दावर बोट ठेवले : हे कृत्य सौंदर्याच्या हौसेपोटी केले तर निषिद्ध, उपचारासाठी अथवा दातातील दोषासाठी लागले तर हरकत नाही. इमाम तबरी (रह.) यांची भूमिका याहून कठोर होती. सौंदर्यासाठी शरीरात काही वाढवू नये, काही कमी करू नये, असे ते म्हणत. परंतु जादा दात खाण्याच्या आड येत असेल तर तो काढण्याची सवलत त्यांनीही दिली. घास अडविणाऱ्या दाताला जो नियम, तोच श्वास अडविणाऱ्या पडद्याला लागू होतो, असे मानण्यात मला अडचण दिसत नाही.

आजच्या काळातील सामूहिक विचारही याच दिशेने गेला आहे. इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने जुलै २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे भरलेल्या १८व्या अधिवेशनात यावर ठराव केला. अवयवाचे कार्य किंवा मूळ रूप पूर्ववत करणे, जन्मजात वा अपघाताने आलेला दोष दूर करणे, ज्या व्यंगामुळे माणसाला शारीरिक अथवा मानसिक यातना होतात ते हटविणे, हे सर्व त्याने जायज ठरविले. फाटलेला ओठ आणि नाकाचा फार मोठा वाकडेपणा ही उदाहरणेही दिली. उपचाराशी संबंध नसलेली, केवळ हौसेपोटी किंवा दुसऱ्यांच्या अनुकरणाने नाकाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र नाजायज ठरविली. इराणमध्ये चित्र निराळे आहे. तेथे नाकाची शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होते आणि अनेक शिया धर्मशास्त्रज्ञांनी तिला मनाई केलेली नाही. पण अनेकजण करतात, हा काही पुरावा नव्हे.

आता मूळ गुंत्याकडे वळू. एकाच कृतीमागे दोन हेतू असतील तर? आपल्या फुकहांनी याचा विचार बारकाईने केला आहे, तो मुख्यतः इबादतींच्या संदर्भात. उन्हाळ्याच्या दुपारी कोणी वुजू करतो, त्यात नमाजची नीयत आहे आणि गार पाण्याने बरे वाटावे ही इच्छाही आहे. वुजू झाला काय? इमाम सुयूती (रह.) यांनी नियमांवरील आपल्या ग्रंथात याची चर्चा केली आहे आणि अशा वुजूला ते वैध मानतात, कारण पाणी अंगावर घेतले की गारवा मिळणारच, त्याची वेगळी इच्छा धरली काय अथवा न धरली काय. हजच्या प्रवासात व्यापार करून अल्लाहची कृपा शोधण्यात दोष नाही, हे तर सूरह बकराच्या १९८व्या आयतीतच आले आहे. जी गोष्ट मुख्य कृतीबरोबर आपसूक येते, तिचा आनंद मानणे हा दोष नव्हे. श्वासासाठी तिरपे नाक सरळ केले आणि ते देखणे झाले, तर त्या मुलीने आरशात पाहून अल्लाहचे आभार मानावेत. त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही.

परंतु वुजूचा दाखला येथे जितका उपयोगी, तितका फसवाही आहे. पाण्यात गारवा असतोच. पडदा सरळ करण्यात उंचवटा छाटणे असतेच असे नाही. पुष्कळ रुग्णांचा पडदा बाहेरच्या नाकाला धक्का न लावता नीट करता येतो. अशा वेळी उंचवट्यावर हातोडी-छिन्नी चालविणे ही दुसरी, स्वतंत्र कृती ठरते. पहिल्या कृतीच्या परवानगीवर ती जायज होत नाही. तिला स्वतःचे कारण लागते. म्हणून मला वाटते की शस्त्रक्रियेला निघालेल्याने डॉक्टरांना सरळ विचारावे : श्वासासाठी तुम्ही नेमके काय करणार आहात आणि त्याउपर काय करणार आहात? प्रामाणिक डॉक्टर हे वेगवेगळे करून सांगू शकतो. आणि स्वतःला विचारावे : श्वासाचा त्रास उद्या औषधाने पूर्ण बरा झाला, तर मी ही शस्त्रक्रिया रद्द करीन काय? उत्तर ‘होय’ असेल तर नीयत श्वासाची आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर हे पाऊल लगेच हराम ठरते असे नाही. पण मग रूपाचा प्रश्न त्याच्या नावाने समोर ठेवावा लागेल, श्वासाच्या बुरख्याआड नव्हे.

हा बुरखा किती सहज पांघरला जातो, याचे एक व्यावहारिक उदाहरण देतो. आरोग्य विम्यात पडदा सरळ करण्याचा खर्च साधारणतः मिळतो, रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा मिळत नाही. मग कागदावर सारेच श्वासाचे लिहिले जाते. (प्रचलित विमा स्वतः जायज आहे की नाही हा निराळा विषय आहे, त्यात येथे शिरत नाही.) जो फसवितो तो आपल्यातला नव्हे, या प्रेषितवचनाला ‘विमा कंपनी वगळून’ अशी पुरवणी कोठेही जोडलेली नाही. ज्याची नीयत कागदावर खोटी, त्याने ती अल्लाहसमोर खरी असल्याची खात्री बाळगणे कठीण आहे.

तर मग रूपाचा प्रश्न. येथे मला शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या मुलीपेक्षा तिच्या सभोवतालच्या माणसांविषयी अधिक बोलावेसे वाटते.

माझ्या नात्यातील एका मुलीला ती शाळेत असल्यापासून तिच्या नाकावरून पडलेले एक टोपणनाव होते. घरातली मोठी माणसे तिला त्याच नावाने हाक मारीत आणि ते प्रेमाने मारलेले आहे, असे म्हणत. तेवीस वर्षांची झाल्यावर तिने शस्त्रक्रियेचा विषय काढला, तेव्हा सर्वांत आधी नवल वाटले ते याच मोठ्यांना. ‘‘अल्लाहने दिले त्यात समाधान मानावे,’’ असे तिची फुफी तिला म्हणाली. मुलगी काही बोलली नाही. आपण पंधरा वर्षे जे नाव ठेवले, त्यात अल्लाहने दिलेल्याविषयी कोठले समाधान होते, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांची थट्टा न करण्याची आणि वाईट नावे न ठेवण्याची आज्ञा आहे, आणि त्या आज्ञेत स्त्रियांचा उल्लेख वेगळा करून केला आहे. निर्मिती बदलू नये हा आदेश जितका कुरआनचा, तितकाच हाही. पहिला आपण मुलींना ऐकवितो. दुसरा आपल्याला लागू आहे याचा विसर पडतो.

लग्नाच्या बाजारात याची तीव्रता वाढते. ‘नाकनक्शा कसा आहे?’ हा रिश्त्याच्या बोलण्यातला जवळजवळ पहिला प्रश्न असतो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, ही म्हण ज्यांनी घडविली त्यांना विघ्ने नाकात दिसली. मला ती पाहायला आलेल्यांच्या नजरेत दिसतात. सौंदर्याला इस्लाममध्ये स्थानच नाही, असे म्हणणेही बरोबर नव्हे. चांगले कपडे व पादत्राणे आवडणे हा गर्व आहे काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) अल्लाह सुंदर आहे व त्याला सौंदर्य आवडते असे सांगितले, आणि गर्व म्हणजे सत्य नाकारणे व माणसांना तुच्छ लेखणे, असा खुलासा केला. विवाहापूर्वी मुलीला पाहून घेण्याचा सल्लाही त्यांनीच हजरत मुगीरा बिन शोअबा (रजि.) यांना दिला होता. पण हजरत जुलैबीब (रजि.) यांचे उदाहरण आठवावे. ते ठेंगणे होते, दिसायला सुरूप नव्हते. प्रेषितांनी (स.) स्वतः एका अन्सारी घराण्यात त्यांच्यासाठी मागणी घातली. आईवडील कचरले, मुलीने मात्र, प्रेषितांनी पाठविलेले स्थळ तुम्ही परत कसे पाठविता, असे विचारून होकार दिला. आणि वाळवंटातून भाजीपाला घेऊन येणारे हजरत जाहिर (रजि.)! त्यांनाही देखणे म्हणत नसत. बाजारात प्रेषितांनी (स.) त्यांना मागून मिठी मारली आणि थट्टेने विचारले, हा गुलाम कोण विकत घेतो? माझी किंमत काही यायची नाही, असे ते म्हणाले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सांगितले की अल्लाहजवळ तू मोलाचा आहेस. थट्टा येथेही आहे, पण कुरूपतेचे शल्य ज्याच्या मनात आहे त्याला मिठीत घेऊन केलेली, आणि शेवटी ते शल्य काढून टाकणारी.

म्हणून सरसकट फतवेबाजी मला पटत नाही. अपघाताने दबलेले, जन्मतः फार तिरपे, पाहणाऱ्याची नजर अडकून राहील असे नाक असेल, तर त्या मुलीचे दुःख हजरत अरफजा (रजि.) यांच्या दुःखाच्या जातीचे आहे, आणि श्वासाचा त्रास असो वा नसो, तिला सवलतीची दारे बंद नाहीत. पण नाक सामान्य आहे, थोडे बसके किंवा थोडे मोठे आहे, आजीचे आहे, खालाचे आहे, तर त्यात दुरुस्त करण्यासारखा दोषच नाही. भाषा आणि वर्ण यांतील वैविध्याला सूरह रूमच्या २२व्या आयतीत अल्लाहची निशाणी म्हटले आहे. नाकांतील वैविध्य त्याहून वेगळे कसे समजावे? तेथे उपचाराची गरज मुलीच्या नाकाला नसून घरातील बोलण्याला आहे. कधीकधी नगण्य दोषही मनात अहोरात्र घोळत राहतो, तासन्‌तास आरशासमोर जातात. वैद्यकशास्त्र याला मानसिक आजार मानते, आणि अशांना शस्त्रक्रियेने सहसा समाधान लाभत नाही, कारण नवे नाकही त्यांना सदोषच दिसते. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. किशोरवयातील मुलामुलींच्या बाबतीत तर चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत रूपाचा निर्णय घेऊच नये. शल्यविशारदही साधारणतः तेच सांगतात.

शस्त्रक्रिया झाली असेल तर पुढे लग्न ठरविताना ते सांगावे काय, असाही प्रश्न येतो. श्वासासाठी नाकाची शस्त्रक्रिया झाली आहे, हे लपविण्याजोगे काही नाही; विचारले असता खरे सांगावे आणि जुनी छायाचित्रे फाडून टाकण्याच्या भानगडीत पडू नये. ज्या घराला हे ऐकून नाक मुरडावेसे वाटते, त्या घराची ओळख लग्नापूर्वीच झालेली बरी.

आणखी काही गोष्टी इबादतीविषयी. शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडाभर नाकावर पट्टी अथवा प्लास्टर असते. पाणी लागू द्यायचे नसेल तर चेहऱ्याचा उरलेला भाग धुवून पट्टीवर ओल्या हाताने मसह करावा. शाफई मतानुसार त्याबरोबर तयम्मुमही करावा लागतो, तेव्हा कोकणातील बांधवांनी आपल्या आलिमांकडून त्याचा तपशील आधीच विचारून घ्यावा. नाकात पाणी घेणे वुजूत सुन्नत आहे, तेव्हा डॉक्टरांनी मनाई केलेल्या दिवसांत ते सोडण्यास हरकत नाही. हनफी मतानुसार गुस्लमध्ये ते फर्ज असले तरी इजा होण्याची भीती असेपर्यंत ती सवलत तेथेही मिळते. मान खाली घालण्यास मनाई असेल तोवर बसून, इशाऱ्याने सजदा करावा. सजदा ज्या अवयवांवर करण्याची आज्ञा आहे ते सांगताना प्रेषितांनी (स.) कपाळाबरोबर नाकाकडेही बोट दाखविले होते. डॉक्टरांनी परवानगी दिली की ते नव्याने जमिनीला टेकवावे, आधी हलकेच, जपून.